कॉलम नंबर 22



आज पाहुणा नाही, मुलाखत नाही. मी एकटीच बोलणार आहे. विषय थोडा जड आहे. भांडी घासताना ऐकत असाल तर चालेल, फक्त दीडच्या स्पीडवर ऐकू नका, प्लीज.

यंदा 27 जानेवारीला नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये मला बोलायला बोलावलं होतं. (हो, कागदोपत्री आता अहिल्यानगर. डेटाबेसच्या मास्टर टेबलमध्ये जिल्ह्याचं नाव बदलायचं तिकीट आमच्या टीममध्ये माझ्याच नावावर आलं होतं, त्यामुळे मी ते विसरणं शक्य नाही. पण जिभेवर अजून नगरच येतं.) विषय दिला होता 'मानवी हक्क आणि तंत्रज्ञान'. मी बोलावणाऱ्या मॅडमना फोनवर म्हटलं, तारीख 27 जानेवारी आहे, तर होलोकॉस्टवर बोलू का? पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं, पण ही कॉम्प्युटरची मुलं आहेत." मी म्हटलं, "म्हणूनच, मॅडम."

तिथे मी काय बोलले ते आधी सांगते. मुलांनी मला काय ऐकवलं ते नंतर. खरं तर भाग करतेय तो त्या दुसऱ्या गोष्टीसाठी.

सुरुवात मी आमच्या हॉस्टेलपासून केली. आमच्या रेक्टर बाईंना आम्ही हिटलर म्हणायचो. साडेआठला गेट बंद करतात म्हणून हिटलर. तुमच्याकडेही असेल असा एखादा पीटीचा सर, एखादे काका, एखादा मॅनेजर. आपल्याकडे कडक माणसाचं दुसरं नाव हिटलर. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर बघा, श्रीमंत व्हायचे मंत्र, तलाठी भरतीची गाइडं आणि मधोमध हिटलरचं आत्मचरित्र, मराठीत. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी आठवड्यातून एकदा लिहितंच, या देशाला एक हिटलर पाहिजे. 2006 साली नवी मुंबईत खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं कॅफे निघालं होतं. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर मालकाने नाव बदललं.

मी हॉलमध्ये विचारलं, हिटलर कुणाला माहीत आहे? सगळे हात वर. त्याने मारलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा. मागून एक मुलगी म्हणाली, "अ‍ॅन फ्रँक." बस्स. पुढे कुणी नाही.

ज्यू म्हणजे कोण, हा प्रश्नही आला, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण विशीत मलाही माहीत नव्हतं. रायगडच्या किनारपट्टीवर शेकडो वर्षं राहणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक ज्यूच. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं बघा, रोहेकर, पेणकर, केहिमकर. आपल्यातली शंभर माणसं रांगेत उभी केली तर त्यात वेगळी ओळखू येणार नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. जर्मनीतही तसंच होतं. शेजारी, डॉक्टर, गणिताचा मास्तर, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून पदक मिळवलेला सैनिक. चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हते, म्हणून तर कागद लागला.

आधी आकडा सांगते. 27 जानेवारी 1945 ला सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या आऊशवित्झ छावणीत पोचलं. आत सुमारे 7 हजार माणसं उरली होती, बहुतेक आजारी. त्या एका ठिकाणी सुमारे 11 लाख माणसं मारली गेली, त्यातले जवळपास 10 लाख ज्यू. सगळीकडचे मिळून मारलेले ज्यू सुमारे 60 लाख. आपल्या अख्ख्या नगर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 45 लाख होती. अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकही माणूस उरला नाही असं समजा, तरी आकडा पुरा होत नाही. म्हणून 2005 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 27 जानेवारी हा स्मरणदिन ठरवला.

छावणीचे फोटो मी दाखवले नाहीत. मुद्दामच. हाडांचे सापळे दिसले की मुलं मान खाली घालतात, वाईट वाटून घेतात आणि मनात म्हणतात, राक्षस होते ते, आपण नाही तसे. आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी मी स्क्रीनवर एका पंचकार्डाचा फोटो लावला.

80 उभे कॉलम, 12 ओळी. जुने प्रोग्रामर सांगतात ना, कोडची ओळ 80 अक्षरांच्या पुढे नेऊ नका? ती 80 या कार्डातून आली आहे. हर्मन हॉलरिथ नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं हे यंत्र, 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेसाठी बनवलेलं. माणसाची माहिती म्हणजे कार्डावरची भोकं. यंत्रात कार्डं टाकली की ती आपोआप गटागटाने वेगळी होतात. आज आपण ज्याला क्वेरी म्हणतो, तेच.

हिटलर जानेवारी 1933 मध्ये सत्तेवर आला. 16 जून 1933 ला जनगणना झाली. तिचं काम डेहोमाग या कंपनीकडे होतं, म्हणजे आयबीएमची जर्मन उपकंपनी. कार्डावर धर्माचा कॉलम नंबर 22. भोक पहिल्या ओळीत असेल तर प्रोटेस्टंट, दुसरीत कॅथलिक, तिसरीत ज्यू. इतकं साधं. कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणावर हात उचलला नाही. हॉलभर बसलेल्या बायका दिवसभर पंचिंग करत होत्या, आणि मला खात्री आहे, संध्याकाळी त्यांची बोटं दुखत असणार.

1935 साली न्यूरेंबर्गचे कायदे आले. चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर तुम्ही ज्यू, तुम्ही स्वतः चर्चमध्ये जात असलात तरी. मग 17 मे 1939 च्या जनगणनेत एक जादा कार्ड जोडलं गेलं. त्यात प्रश्न काय? आईचे वडील, आईची आई, वडिलांचे वडील, वडिलांची आई, यांपैकी ज्यू कोण कोण? आणि गंमत ऐका. हे कार्ड बंद लिफाफ्यात द्यायचं होतं, माहिती गोपनीय राहावी म्हणून. प्रायव्हसी पॉलिसी होती, मंडळी!

पुढे माणसं पकडून नेताना या कार्डांचा थेट वापर किती झाला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पोलिसांच्या आणि गावोगावच्या स्वतंत्र याद्याही होत्या. पण माणसाला एका खान्यात टाकायची सवय सरकारला आणि कारकुनांना इथे लागली.

यानंतर मी नेदरलँड्स सांगितलं, कारण ते मला जास्त टोचतं. तिथल्या लोकसंख्या नोंदवहीत धर्म आधीपासूनच लिहिलेला असायचा. नोंदी ठेवणाऱ्या कुणाच्या मनात पाप नव्हतं. उलट उत्तम नोंदी हा त्यांचा अभिमान होता. त्या खात्याचा प्रमुख याकोबस लेंट्स. युद्धात जर्मन आले आणि जानेवारी 1941 मध्ये फर्मान निघालं, ज्यू असाल तर नाव नोंदवा. बहुतेक सगळ्यांनी नोंदवलं. कायदा पाळणारी माणसं होती हो. लेंट्सने एक ओळखपत्र बनवलं होतं, फोटो आणि बोटांच्या ठशांसह, ज्याची नक्कल करणं महाकठीण. ज्यूंच्या कार्डावर मोठा 'जे'. लेंट्स काही छावणी चालवत नव्हता. त्याला काम नीट करायचं होतं. आपल्या टीममध्ये असता तर दरवर्षी बेस्ट एम्प्लॉयी झाला असता.

नेदरलँड्समध्ये सुमारे 1 लाख 40 हजार ज्यू होते. त्यातले 1 लाख 2 हजारांच्या आसपास मारले गेले. चारातले तीन.

27 मार्च 1943 च्या रात्री ॲम्स्टरडॅममध्ये काही जण पोलिसांच्या वेशात नोंदणी कार्यालयात शिरले. त्यात चित्रकार आणि लेखक विलेम अरोंडेयस होता, शिल्पकार खेरित फान देर फेन होता. पहारेकऱ्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं, बाहेर नेऊन ठेवलं, कार्डांचे ढीग केले आणि पेटवून दिले. अग्निशमन दलातल्या मित्रांनी यायला उशीर केला, आणि आल्यावर गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं. आगीतून वाचलेली कार्डं भिजून गेली. एवढं करूनही नष्ट झाल्या साधारण 15 टक्केच नोंदी. अरोंडेयससह 12 जणांना 1 जुलै 1943 ला गोळ्या घातल्या. ही गोष्ट ऐकताना हॉलमधला मोबाइल बघणारा शेवटचा मुलगाही वर बघत होता. कुणीतरी हळूच म्हणालं, "बॅकअप नव्हता वाटतं." हशा पिकला. मीही हसले.

फ्रान्समध्ये रने कार्मिय नावाचा एक अधिकारी होता. एकोल पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, म्हणजे आपल्या भाषेत आयआयटीयन समजा. सरकारी सांख्यिकी विभागाचा प्रमुख आणि पंचकार्डाचा जाणकार. फ्रान्समध्ये आजही माणसाला जो ओळख क्रमांक मिळतो, त्याचं मूळ याच्या कामात आहे. ज्यूंची यादी काढायचं काम त्याच्याही यंत्रांवर येणार होतं. तो गुप्तपणे प्रतिकार चळवळीत होता. ज्यूंचा कॉलम पंचच होऊ नये अशी व्यवस्था त्याने केली, असं सांगतात. त्याने नक्की किती माणसं वाचली हे मोजता येत नाही. फ्रान्समध्ये सुमारे 3 लाख 30 हजारांपैकी 76 हजारांच्या आसपास ज्यूंना छावण्यांत पाठवलं गेलं. हा फरक पडण्याची कारणं बरीच आहेत, एकट्या कार्मियला श्रेय देऊन चालणार नाही. पण त्याने काम मुद्दाम रेंगाळत ठेवलं हे खरं. 1944 च्या फेब्रुवारीत त्याला पकडलं, आणि जानेवारी 1945 मध्ये डाखाऊ छावणीत तो टायफसने वारला. स्प्रिंट मुद्दाम उशिरा संपवणारा असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

इथे एका मुलाने हात वर केला. "ताई, हे सगळं युरोपातलं झालं. आपला काय संबंध?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. आपल्यातले सगळे शाळेच्या सहलीत भुईकोट किल्ला बघून आलोय. नेहरूंची खोली बघितली, 1944 साली त्यांनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे पाठ केलं, बाहेर येऊन भेळ खाल्ली. नगरमधल्या दुसऱ्या तुरुंगाबद्दल आपल्याला कुणी सांगितलं नाही.

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि भारतातल्या जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्यांना ठेवायला मुख्य कॅम्प होता नगरला. पहिल्या महायुद्धातही जर्मन लोकांना इथेच ठेवलं होतं. 'सेव्हन इयर्स इन तिबेट' हा ब्रॅड पिटचा पिक्चर पाहिलाय? त्यातला खरा माणूस, हाइनरिश हारर, नंगा पर्बतच्या मोहिमेवर आला होता. पकडल्यावर त्याला आधी नगरला आणलं, मग देवळाली, मग डेहराडून. तो नाझींच्या एसएस संघटनेचा सदस्य होता हे 1997 साली उघड झालं.

त्याच नगरच्या कॅम्पात, त्याच कुंपणात, हिटलरच्या तावडीतून पळून भारतात आलेले ज्यूही होते. कारण त्यांचे पासपोर्ट जर्मन. आता त्या पासपोर्टवर काय होतं बघा. ऑक्टोबर 1938 पासून जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' मारायला सुरुवात केली होती. 1939 पासून प्रत्येक ज्यू पुरुषाच्या नावात 'इस्रायल' आणि बाईच्या नावात 'सारा' घालणं सक्तीचं होतं. म्हणजे जर्मनी म्हणतं, तू आमचा नाहीस. आणि इथला ब्रिटिश अधिकारी त्याच पासपोर्टकडे बघून म्हणतो, राष्ट्रीयत्व जर्मन, म्हणजे शत्रू, चल आत. शेजारच्या खाटेवर नाझी पक्षाचा सभासद. दोघांच्या फॉर्ममधला तो एक कॉलम सारखा होता ना.

गैरसमज नको. नगरचा कॅम्प ही मृत्यूची छावणी नव्हती. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाला बोलावून चौकशी केली आणि बरेच ज्यू काही महिन्यांत सुटले. पण 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं, सरकार बिथरलं आणि पुन्हा धरपकड झाली. कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर, साताऱ्याला नजरकैदेसारखं ठेवलं. तोवर 25 नोव्हेंबर 1941 ला जर्मनीने परदेशी गेलेल्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. आता ते कुणाचेच नव्हते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट आपण आवडीने सांगतो. 1943 पासून पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित तिथे राहिले, आणि कोल्हापूरकरांनी त्यांना जीव लावला. सांगायलाच पाहिजे. पण ज्यू निर्वासितांना देशात घ्यावं म्हणून युद्धाआधी धडपड करणारे नेहरू ज्या गावात ऑगस्ट 1942 पासून कैदेत होते, त्याच गावात तीन वर्षं आधी ते निर्वासित कैदी होते, ही जोडी कुठल्याही गाइडच्या तोंडी मी ऐकली नाही. कुणी एखादं प्रोजेक्ट घ्या ना यावर.

यानंतर मी माझी गोष्ट सांगितली. ती सांगायची की नाही यावर येताना बसमध्ये सुप्यापर्यंत विचार करत होते.

पहिल्या नोकरीत मी भाड्याच्या घरांच्या एका अ‍ॅपवर काम करायचे. एक दिवस रिक्वायरमेंट आली, भाडेकरूच्या प्रोफाइलमध्ये 'कम्युनिटी' असा ड्रॉपडाउन टाका, आणि घरमालकाला त्यावर फिल्टर द्या. मी काय केलं? मी विचारलं, मँडेटरी ठेवायचं की ऑप्शनल? एवढंच विचारलं. ऑप्शनल ठेवलं, टेस्ट केलं, गुरुवारी लाइव्ह. तीन-चार तासांचं काम होतं. कोड स्वच्छ होता, रिव्ह्यूमध्ये एकही कमेंट आली नाही.

चार महिन्यांनी हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा फोन आला. पुण्यात नोकरी लागली होती, घर शोधत होती. म्हणाली, "अगं तुमच्या अ‍ॅपवर काहीतरी घोळ आहे. मला घरंच दिसत नाहीत. माझ्या रूममेटला तीच घरं दिसतात." घोळ नव्हता. तिने तो ड्रॉपडाउन प्रामाणिकपणे भरला होता. मी तिला फोनवर म्हटलं, "बघते, बग असेल." बग नाही हे मला माहीत होतं.

पुढे तो फिल्टर काढला गेला. माझ्या सदसद्विवेकामुळे नाही हं. वापर कमी होता, स्क्रीनवर जागा हवी होती, म्हणून काढला. मैत्रिणीला मी खरं सांगितलं ते दोन वर्षांनी. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं." मग आम्ही दुसऱ्या विषयावर बोललो.

आता कुणी म्हणेल, घर न मिळणं आणि गॅस चेंबर यांची तुलना करतेस का? नाही करत. दोन्हींत आकाश-पाताळाचा फरक आहे, आणि तो पुसणाऱ्यांचा मला रागच येतो. पण ड्रॉपडाउन टाकताना माझ्या डोक्यात जे चाललं होतं, म्हणजे काहीच चाललं नव्हतं, ते मला ओळखीचं वाटतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला मानवी हक्कांचा ऑडिट कोर्स होता. एक पीडीएफ, शेवटी 30 प्रश्न, गुगल केलं की उत्तरं. 10 डिसेंबर 1948 ही जाहीरनाम्याची तारीख मी बरोबर टिक केली होती. त्या मसुद्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व माणसं' आलं ते आपल्या हंसा मेहतांमुळे, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. आणि तो जाहीरनामा युद्धानंतर तीनच वर्षांत का लागला, हे त्या पीडीएफमध्ये असलंच तर मी स्क्रोल केलं असणार.

म्हणून माझं म्हणणं असं की हा विषय विद्यापीठात शिकवायचा तर डेटाबेसच्या तासाला शिकवा. नॉर्मलायझेशन शिकवता ना, त्याच्या पुढच्या लेक्चरला 1939 चं ते जादा कार्ड दाखवा आणि विचारा, हा फॉर्म तुम्ही बनवला असता का? जर्मनीत 1983 साली जनगणनेविरुद्ध लोक कोर्टात गेले, आणि स्वतःच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क माणसाचा आहे असं तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं. जुन्या कार्डांची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. आपल्या सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं. 2027 च्या जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाणार असं सरकारने जाहीर केलंय, 1931 नंतर पहिल्यांदा, आणि तीही मोबाइलवर. तिचं सॉफ्टवेअर आपल्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं असणार.

आता मुलांचं.

शेवटची वीस मिनिटं मी एक खेळ ठेवला होता. हॉस्टेल प्रवेशाचा एक फॉर्म छापून नेला होता, साधाच. नाव, पत्ता, जात, धर्म, आईवडिलांचा व्यवसाय, रक्तगट, खाण्याच्या सवयी. म्हटलं, ज्या कॉलमचा उद्या कुणी वाईट वापर करू शकेल, त्याला गोल करा. मला वाटलं होतं, सगळे जात आणि धर्माला गोल करतील, मी शहाण्यासारखी मान हलवीन, चहा येईल.

तसं झालं नाही. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मी जातीला गोल केलेला नाही. तो कॉलम काढला तर महाडीबीटीवर माझी स्कॉलरशिप कशी येणार? माझी फी त्या कॉलमवर चालते. तुम्हाला तो नको असेल, मला हवाय." मला चटकन उत्तर सुचलं नाही. तिच्या शेजारची म्हणाली, "तिने गोल खाण्याच्या सवयींना केलाय." आणि हॉलभर एक प्रकारचं हसू पसरलं, ज्याला कळलं त्याला कळलं.

मग मागून एक मुलगा बोलला. श्रीगोंद्याच्या बाजूचा, पारधी समाजातला. हे त्यानेच सांगितलं. म्हणाला, "ताई, मी फक्त आडनावाला गोल केलाय. जात लिहा, नका लिहू, आमच्या आडनावावरून गाडी थांबवतात." आणि मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या स्लाइडवर टाकायला हवं होतं.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा देशभर पसरला. जन्म झाला की नाव यादीत. ठरलेल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, 31 ऑगस्ट 1952 ला, हा कायदा देशभरातून गेला. त्या मुलाचा पणजा रोज हजेरी द्यायचा, अंगठा उठवायचा, असं घरात सांगतात.

"आणि आता," तो म्हणाला, "आमच्या धाकट्या भावाचा जातीचा दाखला अडलाय. अनुसूचित जमातीचा दाखला पाहिजे तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. आमच्याकडे जमीन नाही, सातबारा नाही. पणजा शाळेत गेला नाही, म्हणजे शाळेचा दाखला नाही. कुठून आणायचा?"

हॉल शांत होता. ज्या सरकारने पणज्याचं नाव, जात आणि अंगठा रोज लिहून घेतला, तेच सरकार पणतूला विचारतंय की तुझा पणजा होता कशावरून.

मी म्हटलं, मग ती हजेरीची वही?

तो माझ्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या रांगेतली ती मुलगी मागे वळून म्हणाली, "अरे, खरंच. सरकारी रेकॉर्ड आहे ना ते."

चहा गार झाला. आम्ही चौघं-पाच जण तिथेच बाकावर बसलो आणि मोबाइलवर माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. पोलीस खात्याकडे एक, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे एक. पणज्याचं नाव कसं लिहायचं यावर त्याने घरी दोनदा फोन लावला. आजी एक सांगत होती, चुलते दुसरं. शेवटी दोन्ही नावं लिहिली. कुठल्या सालची वही मागायची, तर 1950 च्या आधीची, सापडेल ती. कोर्ट फीचा 10 रुपयांचा स्टॅम्प लावायला तो दुसऱ्या दिवशी स्वतः नगरला राहिला.

काल त्याचा मेसेज आला. एका ठिकाणाहून उत्तर आलंय, अभिलेख जीर्ण असल्याने शोध सुरू आहे. दुसरीकडून अजून काही नाही. काही सापडलं तर त्याला विचारून तुम्हाला सांगेन.